दोन खोल्या, समुद्र जवळ

६ ऑक्टोबर २००३, सोमवार

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्या खोल्यांना तोरण बांधलं. जिथे गोठा होता तिथे आता दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणीघरं. गणपतीपुळ्याला येणाऱ्या भाविकांच्या जिवावर निम्म्या मालगुंडाने खोल्या काढल्या. आम्ही सगळ्यांत शेवटी जागे झालो.

उन्मेष, सूनबाई ऋजुता आणि नात अवनी पुण्याहून आली होती. जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी विषय काढलाच. म्हणाला, "बाबा, मे महिन्यापर्यंत बघा. खोल्या चालल्या तर तुम्ही दोघं इथे राहा, मी पुन्हा बोलणार नाही. नाही चालल्या तर घर बंद करून पुण्याला यायचं." मी म्हटलं, मान्य. पुण्याला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या डब्यात मी जाऊन बसणार नाही. इथे मला रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गुरुजी म्हणून ओळखतं. तिथे मी कोण? उन्मेषचे वडील, बी विंगवाले. आणि कुसुमचं तर काय होईल? अडतीस वर्षं या घरात काढली तिने. तिला तिथे एक दिवस करमायचं नाही. तिच्यासाठी तरी खोल्या चालल्याच पाहिजेत.

कुसुम पान लावत होती, काही बोलली नाही. तिची संमती अशीच असते.

ऋजुता पुण्यात एका कंपनीत आहे. इंटरनेटवर लोकांच्या धंद्याची पानं तयार करतात, त्यांतला मजकूर लिहिणं हेच हिचं काम. ती म्हणाली, आपल्या खोल्यांची साइट मी करते, पण मजकूर तुम्ही लिहा, घर तुमचं आहे. मला हसू आलं. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, निबंध तपासून तपासून केस पांढरे झाले. दोन खोल्यांचं वर्णन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहून झालं. सात फुलस्केप. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला तिथून सुरुवात केली, मग कोकणची भूमी, मग मालगुंड, मग आमचं घराणं, पणजोबांनी खणलेली विहीर, मग खोल्या. शेवटी 'पाहुण्यांसाठी काही नियम'. कुसुमला सगळं वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "छान झालंय हो. पणजोबांचं आहे तसं आजोबांचंही घाला थोडं." खरंच की. आजोबा राहिलेच होते. दीड पान वाढवलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दीड तास एसटीत हाडं खिळखिळी करून रत्नागिरीला गेलो. मारुती मंदिराजवळ दीपकचं सायबर कॅफे आहे. दीपक माझा विद्यार्थी. तेव्हा शुद्धलेखनात दर ओळीला मार खायचा, आता माझा मजकूर टाइप करून पुण्याला पाठवतो आणि उत्तर छापून देतो. दिवस पालटतात ते असे.

ऋजुताचं उत्तर आलं होतं. माझ्या साडेआठ पानांतलं तिने काय ठेवलं? विहीर. तीही एका ओळीत. बाकी सगळं उडवलंन. वर लिहिते:

"बाबा, रागावू नका. साइटवर आलेला माणूस आरामखुर्चीत बसून वाचत नाही. ऑफिसात साहेबाची नजर चुकवून बघतो. त्याला तीन गोष्टी हव्यात. कुठे आहे, कसं आहे, फोन नंबर काय. परशुराम त्याला माहीत आहे, खोली माहीत नाही. आणि नियमांत एकोणीस वेळा 'नाही' आलंय. मद्यपान चालणार नाही, मांसाहार मिळणार नाही, दुपारी एक ते चार हाका मारायच्या नाहीत, फुलं तोडायची नाहीत. हे वाचून मीसुद्धा आले नसते, आणि मी तर सून आहे!"

दीपक तोंड वळवून हसला. मी पाहिलं. परतीच्या एसटीत डोकं तापून निघालं होतं. घरी येऊन कुसुमला सांगितलं, पोरीने माझ्या लिखाणाची पार वाट लावली. ती म्हणाली, "असू दे. पुन्हा लिहा. तुम्हाला काय कठीण आहे?" चहाबरोबर गरम घावन दिलंन. तेवढाच काय तो दिलासा.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत एक अक्षर लिहिलं नाही. रागाने.

आज पुन्हा बसलो. ऋजुताची नवी आज्ञा: वाचणाऱ्याशी बोला, सभेत भाषण केल्यासारखं लिहू नका. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'निसर्गरम्य' हा शब्द वापरू नका, सगळेच वापरतात. 'निसर्गरम्य' नको तर काय लिहू? समुद्राला समुद्र म्हणू? तर हो म्हणे, समुद्रच म्हणा. किती लांब आहे ते सांगा.

सकाळभर तीन ओळी झाल्या. निबंधाला मी शून्य दिलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

साइट सुरू झाली! दीपकने मुद्दाम रविवारी दुकान उघडलं. मी सदरा-टोपी घालून गेलो. त्याने पत्ता टाइप केला. पाच मिनिटं काही नाही. मग वरून खाली हळूहळू, पडदा सोडल्यासारखा, आमच्या पडवीचा फोटो उतरला. टोपी काढून हातात घेतली, खोटं कशाला बोलू.

आणि त्याखाली चौकोन. नुसते चौकोन. ओळीच्या ओळी. मी सात वेळा शुद्ध केलेल्या मजकुराचे चौकोन! दीपक म्हणाला, सर, मराठी फॉन्ट नाही या मशीनवर, उतरवून घ्यावा लागेल. म्हणजे मुंबईच्या माणसाने आधी फॉन्ट उतरवायचा, मग मी काय लिहिलंय ते वाचायचं, मग फोन करायचा. या गतीने त्याची सुट्टी संपेल. ऋजुताला निरोप ठेवला. ती म्हणे अक्षरांचे फोटो करून लावते. करा बाई काय करायचं ते.

फॉन्ट चढवल्यावर मात्र वाचलं. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत: 'दोन खोल्या, समुद्र जवळ.' हे ऋजुताचं. मी असं कधी लिहिलं नसतं. क्रियापदसुद्धा नाही.

फोनबद्दलही तिचा हुकूम आला आहे. मी फोन उचलला की "कोण? काय पाहिजे?" असं खेकसतो म्हणे. तेव्हा फोन आईंनीच उचलायचा. उचलू दे. तिचा आवाज गोड आहे, आणि मला लिहायला वेळ हवा.

२ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही. म्हणजे वाजतो, पण राँग नंबर. परवा दोन, काल एक. मी ओटीवर लिहीत असतो, माजघरात घंटी वाजते, कुसुम हळू आवाजात काहीतरी बोलते आणि ठेवते. कोण होतं म्हटलं की "राँग नंबर." इतक्या राँग नंबरवाल्यांशी ही एवढं काय बोलते? पण तिचा स्वभावच तसा. चुकून आलेल्यालाही पाणी विचारील.

१४ डिसेंबर, रविवार

ऋजुताला फोन केला. म्हटलं, तुझी साइट कोणी बघतं तरी का? ती म्हणाली, बाबा, बघतात, आकडा चांगला आहे. मग फोन का नाही? म्हणे मजकुरात काहीतरी कमी पडतंय, वाचून माणूस थांबतो पण पुढे येत नाही. आईंच्या हातच्या जेवणाबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीये, ते नीट लिहा.

घ्या! म्हणजे दोष माझाच.

बोलणं झाल्यावर कुसुमने रिसीव्हर घेतला आणि अवनीशी अर्धा तास बोलली. कावळा-चिमणीची गोष्ट, तीच ती, फोनवर. वर विचारते, अवनीची मोठी शाळा जूनपासून ना? बसस्टॉपवर कोण सोडणार? यांच्या बसस्टॉपशी आपल्याला काय करायचंय.

२१ डिसेंबर, रविवार

शेजारच्या रामा भाटकराच्या चारही खोल्या भरल्या आहेत. मुंबईची, कोल्हापूरची गाडी दारात उभी. त्याची साइट नाही, मजकूर नाही, भिंतीवर चुन्याने 'रुम मिळेल' लिहिलंय, त्यातही रु ऱ्हस्व. आणि माझ्या खोल्यांत पाली.

संध्याकाळी तो नारळांची जोडी आणि पपई घेऊन आला. "वैनींना द्या, मास्तर." कशाबद्दल? "आसंच. यंदा देवानं बरा केलान." देवाने बरं केलं तर नारळ देवाला वाहा, आमच्याकडे कशाला? पण माणूस सरळ आहे. आमच्या खोल्या रिकाम्या बघून कीव आली असेल. तीच जास्त लागते.

२७ डिसेंबर, शनिवार

पाहुणे आले! फोन न करता, थेट दारात. दुपारी अडीच वाजता, म्हणजे माझ्या नियमात जी वेळ निषिद्ध होती तीच. कोल्हापूरचे सहा जण. पुळ्याला कुठेच जागा मिळाली नाही, फिरत फिरत आले. मी झोपेतून उठून बाहेर आलो तोवर कुसुमने गूळपाणी दिलेलं होतं आणि चुलीवर आधण चढलेलं.

दारात आलेल्याला तिने आजवर नाही म्हटलेलं नाही. माझी आई म्हणायची, या घराच्या उंबऱ्यातून कोणी उपाशी परत गेला तर विहीर आटेल. कुसुमने ते तंतोतंत पाळलंय.

३० डिसेंबर, मंगळवार

कोल्हापूरकर आज गेले. काय खूश होते! त्यांच्या सौ. म्हणाल्या, माहेरी आल्यासारखं वाटलं. तीन दिवसांत कुसुमने मोदक, घावन-घाटलं, केळफुलाची भाजी, आमरस (बाटलीतला), वाल, सगळं केलं. मी लगेच लिहायला घेतलं. सापडलं! हेच लिहायचं होतं! 'कुसुमताईंच्या हातचे उकडीचे मोदक, केव्हाही सांगा. पहाटे निघणार असाल तर पहाटे चारला गरम न्याहारी. रात्री किती वाजता पोचलात तरी जेवण तयार.'

वाचून दाखवायला आत गेलो तर ती भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. थंडी फार आहे यंदा. सगळं ऐकलंन. म्हणाली, "वाचायला छान वाटतं." मग म्हणाली, "रामाने मोठी पातेली मागितली आहेत, देऊ का?" म्हटलं, आपल्याला लागतील की. "लागली की आणू."

११ जानेवारी २००४, रविवार

ऋजुताने नवा मजकूर पहिल्यांदाच जवळजवळ जसाच्या तसा लावला. फक्त खाली विचारलंय, 'बाबा, पहाटे चारला न्याहारी कोण करणार?' काय प्रश्न आहे. कोण करणार म्हणजे? घर म्हटलं की होते.

आता धडाधड फोन येतील.

२५ जानेवारी, रविवार

माघी गणेशजयंती. पुळ्याला मुंगी शिरायला जागा नव्हती. आमच्याकडे कोणी नाही. राँग नंबर मात्र आज पाच.

देवळाच्या रांगेत पुढे एक ठाण्याचे गृहस्थ होते. बोलता बोलता निघालं, ते रामाकडे उतरलेत. मी म्हटलं, आमच्याही खोल्या आहेत, इंटरनेटवर साइट आहे. तर म्हणाले, "दोन खोल्या समुद्र जवळ? अहो, वाचली की! विहिरीचं फार सुंदर लिहिलंय. म्हणूनच फोन केला होता. पण तुमच्याकडे भरलंय म्हणाले."

भरलंय! कोणाकडे भरलंय? पाली मोजल्या तर भरलंय!

घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "लागला असेल भलतीकडे." मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. रामाच्या नंबरात आणि आमच्या नंबरात एका आकड्याचा फरक आहे. साइटवर नंबरच चुकीचा छापलाय! म्हणून त्याच्या खोल्या भरतात आणि आम्ही माश्या मारतो. माझी अक्षरं, माझी विहीर, आणि गिऱ्हाईक रामाला. उद्या झेंडावंदन आटोपलं की दीपककडे.

२६ जानेवारी, सोमवार

नंबर बरोबर आहे. तीनदा बोट ठेवून वाचला.

१५ फेब्रुवारी, रविवार

ऋजुताशी भांडलो. तिने पुन्हा तेच विचारलं, "बाबा, आईंना विचारलंत का, त्यांना हे सगळं जमेल?" म्हटलं, तू मला मजकूर शिकव, माझं घर शिकवू नकोस. फोन आपटला. पंधरा मिनिटांनी वाईट वाटलं. पोरगी मेहनतीची आहे, ऑफिसचं करून रात्री माझं शुद्ध करत बसते. पण तिला इकडचं काही कळत नाही. कुसुमला या घरातून हलवणं म्हणजे लावलेली पोफळ उपटणं. लोक फोन करत नाहीत याचं खापर शेवटी माझ्यावर फुटणार आणि तिला पुण्याला जावं लागणार. या विचाराने जेवण गेलं नाही.

पाचवा मजकूर लिहायला घेतला. कुसुम म्हणाली, "लिहा. संध्याकाळी मला वाचून दाखवा." एवढी मात्र साथ आहे. नोकरी संपल्यापासून मी दिवसभर तिच्या मागे कटकट करायचो, हे झाकलं कशाला, ते उघडं का. आता तो वेळ लिखाणात जातो. तीच परवा चिमाला सांगत होती, "हल्ली ह्यांचं डोकं शांत असतं बाई." चिमा भांडी घासता घासता हसली.

८ मार्च, सोमवार

शिमगा झाला. पालखी दारात आली, नाचली. रामाकडच्या पाहुण्यांनी फोटो काढले, आमच्या अंगणात उभे राहून.

फोन नाही. एक राँग नंबर, तोसुद्धा पालखी दारात असताना. कुसुम ओवाळायचं तबक ठेवून आत पळाली. राँग नंबरसाठी एवढी धावपळ!

२ एप्रिल, शुक्रवार

कैरी उतरवली. कुसुमने लोणचं निम्मंच घातलं. म्हटलं, अगं मे महिन्यात पाहुणे आले तर वाढायचं काय? म्हणाली, "आले तर बघू. चार बरण्या पुरतील. न्यायलाही सोप्या." कुठे न्यायच्या हे विचारायचं राहिलं, तेवढ्यात वीज गेली. पंपाचं पाणी अर्ध्यात थांबलं आणि माझं डोकं तिकडे गेलं.

उन्मेषचा फोन. "बाबा, मे जवळ आला." म्हटलं, मला पंचांग बघता येतं.

१५ एप्रिल, गुरुवार

सुट्ट्या लागल्या. रामाकडे अंगणातसुद्धा खाटा टाकल्यात. आमच्याकडे शुकशुकाट. सहावा मजकूर लावून दहा दिवस झाले. ऋजुता म्हणते, यात मी एक शब्द बदलू शकत नाही, बाबा, आता तुम्हाला जमलंय. जमलं तर मग माणसं कुठे आहेत? लिहिता येऊ लागलं तेव्हा वाचणारे मेले का सगळे?

काहीतरी गडबड फोनमध्येच आहे. नंबर बरोबर आहे, पण तारा कुठे तरी गुंतल्या असणार. आमच्याकडे लावलेला फोन रामाकडे वाजत असणार. फोनवाल्यांकडे तक्रार करायची तर पुरावा हवा. उद्या रत्नागिरीला जाऊन दीपकच्या फोनवरून आपलाच नंबर लावून बघतो. लागतो कुठे ते कळू दे एकदा.

१६ एप्रिल, शुक्रवार

नीट लिहायला हवं. जसं घडलं तसं लिहितो.

दीपककडे अकराला पोचलो. त्याच्या फोनला स्पीकर आहे. त्याला म्हटलं, तू कोल्हापूरहून बोलतोयस असं सांग, माझा आवाज ओळखला तर परीक्षा फुकट. तो खुशीत तयार झाला. शाळेत नाटकात काम करायचा.

घंटी वाजली. चौथ्या घंटीला उचलला.

"नमस्कार. बोला."

कुसुमचाच आवाज. म्हणजे तार बरोबर होती. मी दीपकला खूण केली, ठेव आता. पण तो भूमिकेत शिरला होता. "काकू, आम्ही चौघं येणार होतो. पुढच्या शनिवारी. जागा मिळेल का?"

"जागा नाही हो," कुसुम म्हणाली. किती सहज! दहीभात वाढावा तसं. "सगळं भरलंय यंदा. पण तुम्ही खोळंबू नका. आमच्या शेजारी रामा भाटकर आहेत, त्यांचा नंबर देत्ये, घ्या लिहून. माणसं चांगली आहेत. गरम पाणी देतात, मासेही मिळतील तुम्हाला."

दीपकने माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही.

त्याने चाचरत विचारलं, "मग मे महिन्यात?"

कुसुम हसली. खूप दिवसांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. "मे महिन्यात आम्ही पुण्याला असू. नातीची शाळा सुरू होत्ये ना." मग जरा थांबून, "तुम्ही ते इंटरनेटवरचं वाचून फोन केलात?"

"हो, काकू."

"कसं वाटलं? आमच्या ह्यांनी लिहिलंय. सगळं. सहा वेळा लिहिलंनी."

दीपक खाली बघत म्हणाला, "फार छान लिहिलंय, काकू. विहिरीचं तर फारच."

"हो ना? सांगत्ये हो त्यांना. मागेही एकांनी विहिरीचंच सांगितलं होतं, पण ते मला सांगता आलं नाही. बरं, ठेवू का? दूध उतू जाईल."

दीपकने चहा मागवला. मी घेतला नाही. पैसे विचारले तर "काय सर" म्हणून हात जोडले.

एसटीत बसल्यावर संताप चढला. निवळीचा घाट येईपर्यंत सगळं भाषण तयार केलं. सहा महिने! सहा महिने मी मान मोडून लिहितोय, सुनेच्या हातून छड्या खातोय, आणि ही माजघरात बसून आल्या गिऱ्हाईकाला शेजारी धाडतेय! ते नारळ! ती पपई! रामा मला तोंडावर 'देवानं केलान' म्हणतो! आणि हे सगळं कोणासाठी चाललं होतं? हिच्यासाठी! हिला करमणार नाही म्हणून! जाकादेवीला गाडी थांबली तेव्हा शेजारच्याने विचारलं, काही होतंय का काका. मी मोठ्याने बोलत होतो.

घरी आलो. ती पायरीवर बसली होती, पाय लांब करून, गुडघ्यावर हात. मला बघून उठली. उठताना खांब धरलान. खांब कधीपासून धरते ही?

पाणी आणून दिलंन. मी भाषणाला सुरुवात केली. "आज फोन आला होता का?"

वाटलं, म्हणेल राँग नंबर. ती म्हणाली, "आला होता एक. कोल्हापूरचे कोणीतरी."

"मग?"

"तुमचं लिखाण फार आवडलं म्हणाले. विहिरीचं."

आणि असं बघत राहिली माझ्याकडे, चेहरा इतका उजळलेला, की माझं सगळं भाषण राहूनच गेलं. पाणी प्यालो. आणखी एक तांब्या मागितला, तोही प्यालो.

१८ एप्रिल, रविवार

दोन दिवस घुश्श्यात काढले. तिने एकदाही विचारलं नाही काय झालं.

आज जेवताना म्हटलं, "पुण्याला जायचं का?"

"तुम्ही म्हणत असाल तर," म्हणाली.

तुम्ही म्हणत असाल तर! एवढं सगळं करून वर हे! मी ताटावरून उठणार होतो. पण आमटी चांगली झाली होती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. ती भात कालवायची थांबली. मग म्हणाली, "लोक आले की मला 'नाही' म्हणवत नाही. दारात आलेल्याला कसं म्हणायचं? फोनवर म्हणवतं." एवढंच. मग ताक विचारलंन.

मला पुण्याला जायचं नाही. अजूनही नाही. तिथे मला कोण ओळखणार? हे मी आज इथे लिहितोय, तिला सांगितलेलं नाही. पण तिने पातेली कधीच देऊन टाकली आहेत. हे घर मनातल्या मनात आवरून ती बसली आहे, आणि मी बाहेर बसून त्याच्या पाट्या रंगवतोय.

२५ एप्रिल, रविवार

पुण्याला येतोय म्हणून उन्मेषला कळवलं. त्याने दोनदा खात्री करून घेतली. ऋजुताने फोन घेतला. म्हणाली, साइटवर काहीतरी लिहायला हवं बाबा, लोक फोन करत राहतील.

बसलो. या वेळी एका बैठकीत झालं:

'दोन खोल्या, समुद्र जवळ. खोल्या आता बंद आहेत. या घरात कुसुमताईंनी अडतीस वर्षं आल्यागेल्याला जेवू घातलं. आता त्या पुण्याला नातीकडे आहेत. मालगुंडला याल तर शेजारी रामा भाटकर यांच्याकडे उतरा. माणसं चांगली आहेत, गरम पाणी देतात. विहीर अंगणात आहे, पाणी गोड आहे, पिऊन जा. फुलं तोडू नका.'

नेहमीसारखं कुसुमला वाचून दाखवलं. ती भरलेल्या बरण्यांना फडकी बांधत होती. 'जेवू घातलं' म्हणालो तिथे फडकं सुटलं, पुन्हा बांधलंन. विहिरीपाशी मान हलवली.

"शेवटचं कशाला?" म्हणाली. "आपण नसताना फुलं काय झाडावरच सुकवायची? तोडू देत."

मी लाल पेन घेतलं आणि ते वाक्य काढून टाकलं.